ज्याचं त्याच्या हाती

टार्बेल बेटावर एक जुनी रीत होती. टपालाची बोट धक्क्याला लागली, की जो कोणी तिथं उभा असेल त्यानं सगळ्यांच्या पार्सलांवर सह्या ठोकायच्या आणि ज्याचं त्याच्या घरी नेऊन टाकायचं. पुरुष उजाडायच्या आत शेवंडांचे पिंजरे ओढायला समुद्रावर गेलेले. बायका जाळी विणण्यात, पोरांत, चुलीपाशी. सही करायला थांबणार कोण? तेव्हा सही कुणीही कुणाचीही करावी, पाकीट मात्र कुणी कुणाचं फोडू नये. हा तिथला धर्मच म्हणा ना. डेल्फीन त्या बेटावर सून म्हणून राहिली होती तेव्हा तिनंही अशा कितीतरी सह्या केल्या होत्या. एकदा तर पाद्रीबाबांच्या कवळीच्या पार्सलवरही तिनंच सही केली होती. पुढं कितीतरी रविवार प्रवचन ऐकताना तिला हसू आवरेना.

म्हणूनच, न्यायाधीशबाईंनी टपालानं पाठवलेल्या समन्सची हिरवी पोचपावती तिच्यापुढे धरली तेव्हा तिला चष्मा लावावा लागला नाही की निरखून पाहावं लागलं नाही. बघताक्षणी कळलं.

"ही सही व्हॉन स्प्रेग यांचीच आहे?"

नाव व्हॉनचंच, तिच्या नवऱ्याचंच होतं. पण 'स्प्रेग'च्या शेपटाला जो गळासारखा आकडा होता, तो त्याच्या आईचा, थेल्माचा. लेकीच्या, इडाच्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तो आकडा होता.

कोर्टात त्या दिवशी व्हॉन आलेला नव्हता. खरं तर त्यामुळे सगळं सोपं होऊन बसलं होतं. पावतीवर सही आहे, माणूस हजर नाही, म्हणजे निकाल एकतर्फी. इडाचा ताबा आईला. डेल्फीननं फक्त मान हलवायची होती. नाताळात दारांवर टांगायचे फरच्या डहाळ्यांचे वेढे बांधून बांधून तिची बोटं चिकानं काळी झाली होती. ती तिनं कोटाच्या बाहीत ओढून घेतली. सहा वर्षांची पोर सप्टेंबरपासून समुद्रापलीकडे होती. वेगळे झाले तेव्हा दोघांनी कागद केला नव्हता. तोंडी ठरलं होतं: उन्हाळा बापाकडे बेटावर, शाळा आईकडे किनाऱ्यावर. उन्हाळा संपला आणि इडा आलीच नाही. बेटावरच्या एकखोली शाळेत पाच मुलं असली तर शाळा चालणार, चार झाली की कुलूप. पाचवी इडा.

मान हलवायची, की झालं.

"नाही," ती म्हणाली. "ती त्याच्या आईची सही आहे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं बोललात ते बरं केलंत. या पावतीवर मी आज निकाल दिला असता आणि उद्या ते येऊन म्हणाले असते, 'मला मिळालंच नाही', तर तो निकाल पत्त्याच्या बंगल्यासारखा पडला असता. पुढची तारीख नोव्हेंबरअखेरची, थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावरची. त्याआधी समन्स त्यांच्या हातात पडलं पाहिजे. आईच्या नाही, शेजाऱ्याच्या नाही. त्यांच्या."

बाहेर येऊन डेल्फीन गाडीत बसली आणि रडली नाही. रडायला वेळ नव्हता. वेढ्यांच्या शेडमध्ये दुपारची पाळी होती.

कोर्टाच्या कचेरीच्या खिडकीत बसणाऱ्या वर्ना ग्रीनलॉ नावाच्या बाई होत्या. त्यांचा डेल्फीनला धाकच वाटे. तिचं पहिलं प्रतिज्ञापत्र याच बाईंनी परत केलं होतं. वेढ्यांच्या शेडची मालकीण लॉर्ना हीच गावातली नोटरी. लॉर्नाला डहाळ्या आणायला जंगलात जायचं होतं, म्हणून तिनं कोऱ्या कागदावरच शिक्का मारून दिला आणि म्हणाली होती, घरी निवांत बसून सही कर. डेल्फीननं हे खिडकीत मोठ्या कौतुकानं सांगितलं. वर्नाबाईंनी तो कागद मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा बाजूला ठेवला.

"शिक्का म्हणजे डोळे, बाई," त्या म्हणाल्या होत्या. "डोळ्यांनी पाहिलंच नाही, तर शिक्का कशाचा?"

तेव्हा डेल्फीनला राग आला होता. आता येत नव्हता. घाईघाईनं मारलेली गाठ पहिल्या लाटेला सुटते, हे बेटावर राहिलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं खिडकीशी जाऊन विचारलं, मीच बोटीनं जाऊन त्याच्या हातात दिलं तर? वर्नाबाई म्हणाल्या, अजिबात नाही. ज्याचं भांडण त्यानं समन्स द्यायचं नसतं. तुम्ही दिलंत काय आणि समुद्रात टाकलंत काय, सारखंच. शेरीफचा माणूस पाठवा.

शेरीफचा माणूस म्हणजे रॉइस पिंकम. धिप्पाड, गोरापान, आणि बोट लागणारा. तो पहिल्यांदा बेटावर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. व्हॉनच्या घराला कडी. बोट समुद्रावर. धक्क्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही तेच. वेढ्यांच्या शेडमध्ये येऊन तो डहाळ्यांच्या ढिगावर बसला आणि लॉर्नानं दिलेली कॉफी दोन्ही हातांत धरून म्हणाला, की मला एक कोडं पडलंय. आकाश असं निरभ्र, काचेसारखं, आणि तो टपालाच्या बोटीचा म्हातारा एमरी रेडिओवर सगळ्यांना सांगतो, आज जरा ढगाळ आहे.

डेल्फीनच्या हातातली वेढा बांधायची तार तशीच राहिली.

ढगाळ! अंगावर गणवेश असलेला कुणीही बोटीत चढला, की एमरी रेडिओवर हवा ढगाळ करून टाकी. मग तो पिंजऱ्यांची मापं तपासणारा असो की कर गोळा करणारा. बेटावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ सुरूच असतो. तेवढ्या एका शब्दावर सगळं बेट दारं लावून घेई. ती स्वतः एकदा थेल्माच्या ओट्याशी उभी राहून, पिठाच्या हातांनी रेडिओ उचलून, खिदळत हेच म्हणाली होती. किती गंमत वाटली होती तेव्हा.

लॉर्ना म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करत नाही, बाई. ते बेट आहे. ते त्याच्याच बाजूनं उभं राहणार."

"मी पण राहिलेय त्या पाण्यात," डेल्फीन म्हणाली आणि तार आवळली.

दर रविवारी थेल्माच्या घरच्या फोनवर इडाशी बोलणं होई. व्हॉनचा फोन ऑगस्टमध्येच समुद्रात पडला होता आणि नवा घ्यायची त्याला काही घाई दिसत नव्हती. त्या रविवारी इडाला फक्त एकच विषय होता. पुढचा दात हलत होता. जिभेनं ढकलला की आडवा होतो, मम्मा, पूर्ण आडवा. डॅडी दोरा बांधून ओढू म्हणतो. मी नाही म्हटलं. तू आल्यावर पाडणार.

"पडायच्या आधी येशील?"

"मी येतेच आहे," डेल्फीन म्हणाली. मग म्हणाली, आजीला दे.

थेल्मा फोनवर आली ती नेहमीसारखीच, भांडं घासता घासता.

"थेल्मा, ते पाकीट कुठंय?"

"घड्याळामागं. त्यानं घेतलं नाही, मी फोडलं नाही."

"आत काय आहे असं वाटतं त्याला?"

"पोर कायमची नेणार आहेस, आणखी काय. जाड पाकीट आहे, पोरी. चांगली बातमी कधी एवढी जाड नसते."

"मग सही कशाला केलीत त्याच्या नावानं?"

"मागितली, केली. तुझ्या काय कमी केल्यात?" भांडं आपटल्याचा आवाज आला. "आणि घेतलं नाही म्हणजे मिळालं नाही, असं तो म्हणतो. आता तुमचं कोर्टही तेच म्हणतंय म्हणे. मग भांडण कसलं उरलं?"

डेल्फीनला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ती म्हणाली, मग फोडा आणि वाचून दाखवा त्याला. थेल्मा म्हणाली, दुसऱ्याचं पाकीट? देवापुढं उभं राहायचंय मला. बरं, मी सांगते आत काय आहे, डेल्फीन म्हणाली. तर थेल्मानं तिला पुढचा शब्दच काढू दिला नाही. "मला नको सांगूस. मला सांगितलंस म्हणजे मी फोडल्यासारखंच झालं."

आणि फोन ठेवला. वाईट बाई नव्हती ती. इडाला रोज सकाळी गुळपाकाचे डोनट तळून देत होती, तिच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घालत होती, आणि बेटावरच्या त्या एकखोली शाळेत ती स्वतःही शिकली होती. पण तिच्या त्या घड्याळामागं डेल्फीनची लेक अडकून पडली होती.

रॉइस तिसऱ्या फेरीला तयार नव्हता. डेल्फीननं त्याला सांगितलं, की या वेळी मीही येते, हवा कशी आहे ते मी बघते. लॉर्ना म्हणाली ऐन हंगामात रजा मागायला जीभ कशी रेटते; मग आपणच सँडविच बांधून दिलं आणि रॉइससाठी आल्याची बिस्किटं.

बोटीत टपालाच्या पिशव्या, दुधाचे कॅन, कुणाचं तरी नवं धुलाईयंत्र, आणि कठड्याला धरून बसलेला, आत्ताच हिरवा पडलेला रॉइस. खाडी सुटली. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. एमरीनं सवयीनं रेडिओचा माइक खुंटीवरून काढला.

"एमरी," डेल्फीन म्हणाली, "तो इकडे द्या."

"माझा रेडिओ आहे, पोरी."

"आणि हवा स्वच्छ आहे. ते तुम्हालाही दिसतंय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रॉइसकडे, मग आकाशाकडे. एमरीनंच तिला नवरी म्हणून या बोटीतून पलीकडे नेलं होतं. इडाला पोटात घेऊन पावसापाण्यात ती याच बोटीतून दवाखान्यात गेली होती, तेव्हा त्यानं आपला रेनकोट तिच्या अंगावर टाकला होता. त्यानं माइक तिच्या हातात दिला आणि सुकाणू असं घट्ट धरलं, जणू सगळं लक्ष तिकडेच आहे.

डेल्फीननं बटण दाबलं. बोलायचं म्हणून तिनं कितीदा तरी घोकलं होतं, पण आता वेगळंच आलं.

"मी डेल्फीन. मी बोटीत आहे आणि माझ्याबरोबर शेरीफचा माणूस आहे. ढगाळबिगाळ काही नाही, हे मीच सांगतेय म्हणजे एमरीला पाप नको. व्हॉन, तू कुठल्या बाजूला पिंजरे ओढतोयस ते मला माहीत आहे, आणि मी काय बोलते ते तू ऐकतोयस तेही. पाकिटात काय आहे ते कुणीच वाचत नाही म्हणून मीच सांगते. शाळेचे दिवस इडा माझ्याकडे. उन्हाळा सगळा तुझ्याकडे. नाताळ एक वर्ष तुझा, एक माझा. आपलं जे तोंडी ठरलं होतं तेच, फक्त आता लिहून. तुझी लेक मी तुझ्यापासून तोडत नाही. पण मला न सांगता तू ती ठेवून घेतलीस, आणि ते मी चालू देणार नाही. आज नाही भेटलास तर परवा येईन. बर्फ पडलं तरी येईन. दर वेळी असंच सगळ्यांना सांगून येईन."

तिनं बटण सोडलं. रेडिओत नुसती खरखर. तिच्या लक्षात आलं, की या घडीला बेटावरचं प्रत्येक भांडं घासायचं थांबलं असेल.

मग खट् खट् असा दोनदा आवाज झाला. ऐकलं, पण बोलणार नाही, असं सांगायची ही तिथली तऱ्हा. कुणाच्या तरी बोटीवर कुणीतरी न बोलता बटण दोनदा दाबलं होतं.

आणि त्यामागोमाग थेल्माचा आवाज. "व्हॉन, धक्क्यावर ये. घड्याळामागं माझ्याकडे आता जागा नाही."

एमरी पुढं बघत म्हणाला, "पाकीट फोडलंस की गं सगळ्यांदेखत."

"माझंच होतं," डेल्फीन म्हणाली. तिनं माइक खुंटीला अडकवून टाकला.

या वेळी धक्का ओस नव्हता. कुणी मुद्दाम आल्यासारखं दाखवत नव्हतं. एकीला दोरखंड सारखं करायचं होतं, दोघांना धुलाईयंत्र उतरवायचं होतं. रॉइस जमिनीवर पाय ठेवून, खांबाला टेकून, डोळे मिटून उभा राहिला. तेवढ्यात टेकाडाआडून व्हॉनची बोट आली. भगव्या रबरी पोशाखात तो शिडीवरून वर चढला. दाढी वाढलेली. डेल्फीनकडे त्यानं पाहिलं नाही.

डेल्फीननं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. उगाच उद्या कुणी म्हणायला नको, की तिनं दिलं.

रॉइसनं कोटाच्या आतून समन्सचं दुसरं पाकीट काढलं. "नाव व्हॉन स्प्रेग?"

"रॉइस, तू माझ्या लग्नात नाचला होतास."

"विचारावं लागतं. नाव?"

"व्हॉन स्प्रेग," तो म्हणाला. दातानं हातमोजा ओढून काढला आणि ओल्या, लाल हातात पाकीट घेतलं.

एवढंच. एवढ्यासाठी सगळा समुद्र ओलांडायचा होता.

तो पिंजऱ्यांच्या चळतीवर बसला आणि वाचू लागला. वाचायला त्याला नेहमीच वेळ लागे; ओठ हलत. वारा पानं उडवू बघत होता. दुसऱ्या पानावर तो थांबला आणि ती ओळ पुन्हा वाचली. "उन्हाळा सगळा?"

"सगळा."

"आई म्हणाली, जाड आहे म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग बेटावरच्या त्या पांढऱ्या शाळेकडे पाहून म्हणाला, "आणि तिचं काय? बंद पडेल."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. तो, त्याचा बाप, थेल्मा, सगळे त्याच बाकांवर बसलेले. डेल्फीनलाही ती शाळा आवडे. पण दया आली म्हणून माघार घ्यायची, तर इतक्या लांब यायचंच कशाला?

"शाळेसाठी मुलं शोधा, मी पण शोधायला मदत करते," ती म्हणाली. "पण इडा माझी लेक आहे, व्हॉन. पटावरचा आकडा नाही."

त्यानं पानं घडी घालून छातीशी, रबरी पोशाखाच्या आत सरकवली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मीच तिला घेऊन येतो, म्हणाला. कोर्टातही येतो. धुलाईयंत्र उतरवणारे दोघे उगाचच खोकले, म्हणजे ऐकलं.

तेवढ्यात टेकडीवरून दोन वेण्या धावत आल्या. इडा तिच्या पोटावर अशी आदळली, की दोघी खाली बसल्या. धुराच्या, तळलेल्या पिठाच्या, समुद्राच्या वासाचं ते सगळं पोर तिनं नाकानं ओढून घेतलं. इडानं तोंड उघडून दाखवलं. पुढं खिडकी होती.

"मी नाही पाडला," इडा म्हणाली, अपराध्यासारखी. "डोनट खाताना आपोआप. मी थांबले होते, मम्मा."

डेल्फीननं त्या खिडकीवरून हलकेच बोट फिरवलं. तो दात तिच्याशिवाय पडला होता आणि कुठलंही कोर्ट तो परत लावून देणार नव्हतं.

मागून थेल्मा उतारानं धापा टाकत आली. तिनं ॲप्रनच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि कुणाकडे न देता, थेट डेल्फीनच्या तळहातावर ठेवली. वरून आपला हात दाबला. पेटीत कापसावर तांदळाच्या दाण्याएवढा दात होता.

"पडलेला दात नेऊन उशाशी पैसे ठेवते ना, ती परी आली होती रात्री. तिला म्हटलं, पैसे ठेव आणि जा," थेल्मा म्हणाली. "हे तुझं आहे. मी आपलं नुसतं ठेवून घेतलं होतं."

परतीच्या बोटीत इडा नव्हती, आणि तरी डेल्फीन ताठ बसली होती, मुठीत पेटी धरून. एमरीनं माइक काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि बेटाला कळवलं, की हवा स्वच्छ आहे.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी व्हॉननं शब्द पाळला. आणि तारखेला कोर्टात आला तो गळ्याशी आवळलेल्या शर्टात, लग्नानंतर पहिल्यांदाच भांग पाडून. न्यायाधीशबाईंनी रॉइसचा बजावणीचा कागद उलटसुलट पाहिला आणि मान डोलावून बाजूला ठेवला. मग दोघांचं ऐकलं. व्हॉननं शाळेची फेब्रुवारीतली सुट्टीही मागितली. डेल्फीन हो म्हणाली. बाकी सगळं कागदात होतं तसंच झालं. बेटानं मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला घर देऊ म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. त्या जाहिरातीतली शेवटून दुसरी ओळ, कबूल केल्याप्रमाणे, डेल्फीननं लिहून दिलेली होती.

निकालाच्या प्रती घ्यायला ते खिडकीशी आले. इडा आईच्या खांद्यावर झोपली होती, तिची लाळ कॉलरवर. वर्नाबाईंनी दोन प्रती आणि सह्यांची वही पुढे सरकवली. व्हॉन घड्याळाकडे बघत होता. भरती उतरायच्या आत त्याला बोट सोडायची होती.

"माझीही तूच घे ना," तो दाराकडे वळत म्हणाला. "कर सही माझी. नंतर नेतो."

वर्नाबाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या.

डेल्फीननं झोपलेल्या पोरीला जरा वर सरकवलं, मोकळ्या हातानं पेन उचललं आणि ते त्याच्यासमोर धरलं.

"भरती थांबेल," ती म्हणाली. "तुझी सही तू कर."